दाढेतली जुनी चांदी काढून पांढरं भरावं का?

कैरीपन्हं | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, माझ्या तीन दाढांत चांदी आहे. १९९४ साली आठवीत असताना साताऱ्यात भरलेली. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही ठणकली नाही. चिक्की, डिंकाचे लाडू, मक्याचं कणीस, सगळं याच दाढांवर चाललंय.

गेल्या आठवड्यात दात साफ करून घ्यायला घराजवळ नवीनच उघडलेल्या क्लिनिकात गेले. त्यांनी पेनासारखा कॅमेरा तोंडात घातला आणि समोरच्या टीव्हीवर माझी दाढ दाखवली. एवढी मोठी आणि एवढी काळी, की मला वाटलं कोळशाच्या खाणीवरचा माहितीपट लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यात पारा असतो, हल्ली कुणी ठेवत नाही. तिन्ही काढून टूथ कलरचं भरून टाकू." एका दाढेचे अडीच हजार. आणि "आत जास्त निघालं तर" रूट कॅनाल आणि कॅपचे वेगळे. त्या "जास्त निघालं तर" ने झोप उडाली आहे.

नवरा म्हणतो, चाललंय ना, मग हात लावू नकोस. सासूबाई म्हणतात, पारा म्हणजे विष, आजच्या आज काढ. दोघांच्या मधे मी आ वासून बसले आहे (शब्दशः). कुणी असं बदलून घेतलंय का?

टवाळ_पोरगा | सोमवार, रात्री ९:५२

चांदीचा भाव बघितलास का ताई? डॉक्टरकडे कशाला, सराफाकडे जा. घट किती धरतो ते आधी विचार.

दातखिळी | सोमवार, रात्री १०:१५

हात लावू नकोस. स्वानुभव सांगते.

माझी एकच दाढ होती, खालची डावी. हसताना काळं दिसतं म्हणून चार वर्षांपूर्वी हौसेने बदलली. काळं कुणाला दिसत होतं देव जाणे, तेवढं मोठ्याने मी हसतही नाही. पांढरं भरल्यावर गार पाणी लागायला लागलं. "होईल कमी" म्हणाले. झालं नाही. मग रात्री झोपेतून उठवणारी कळ. मग आरसीटी म्हणजे रूट कॅनाल, मग कॅप. दोन हजारांचं काम अकरा हजारांवर गेलं आणि वर आठ दिवस पेज. चांगली मुकी दाढ होती, तिला मी बोलती केली.

शुद्धसात्त्विक | सोमवार, रात्री १०:३१

सासूबाईंचं ऐका. पारा तो पाराच. चोवीस तास तोंडात विष घोळवत बसायचं आणि मग थकवा का येतो, केस का गळतात म्हणून विचारायचं. युरोपात बंदी आली ती उगीच नाही. रोज सकाळी तिळाच्या तेलाचा गंडूष धरा, म्हणजे तेल तोंडात भरून ठेवा, हिरड्या बळकट होतात आणि साचलेलं बाहेर पडतं. माझ्या तोंडात एकही फिलिंग नाही, वय ५८.

टवाळ_पोरगा | सोमवार, रात्री १०:३४

@शुद्धसात्त्विक काका, केसांचं म्हणाल तर माझ्या दाढेत चांदी नाही आणि डोक्यावर केसही नाहीत.

हायडलबर्गकर | मंगळवार, पहाटे १:०५

युरोपचा विषय निघालाच आहे म्हणून. बंदी खरी आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये अमाल्गम, म्हणजे हीच चांदी, नव्याने भरत नाहीत, वैद्यकीय कारणाने अगदी गरजच असेल तर सोडून. १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना तर २०१८ पासूनच बंद होतं. पण भरलेलं काढा असं कुणीही सांगितलेलं नाही. माझ्या स्वतःच्या दोन दाढांत मिरजेची चांदी आहे. इथली दंतवैद्य दर वर्षी आरशाने बघते, मान डोलावते आणि पुढच्या दाताकडे जाते. मागे मीच विचारलं, काढूया का? तर म्हणाली, "तुम्हाला ती त्रास देते आहे का, की तुम्ही तिला?"

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७:२०

चांदीवरून अकोल्याचे आमचे लहानपणीचे डॉक्टर आठवले. १९७८-७९ असेल. दवाखाना म्हणजे माडीवरची एक खोली. मशीन दोरीवर फिरायचं. तीन कप्प्यांवरून गेलेली ती दोरी आणि खाली पायाने दाबायचं बटण. डॉक्टर दोरीला कापसाचा बोळा अडकवायचे आणि म्हणायचे, "तो पाहा ससा, कुठं पळते पाहा." ससा गरगर पळायचा, मी त्याच्याकडे बघत राहायचो आणि इकडे दाढेत घर्रर्र सुरू. इंजेक्शन वगैरे काही नाही बाप्पा.

मग काचेच्या छोट्या खलात चांदीची भुकटी आणि पारा घालून घोटायचे. घोटून झालं की पातळ कापडात धरून पिळायचे. जास्तीचा पारा कापडातून थेंब थेंब बाहेर. रडलो नाही म्हणून बक्षीस काय, तर त्या पाऱ्याचा एक थेंब कागदाच्या पुडीत! मी तो शाळेत नेला, बाकावर फोडायचा आणि परत जुळवायचा. आता आठवलं की अंगावर काटा येतो. पण दाढ अजून शाबूत आहे.

दाढवाला_सोलापूर | मंगळवार, दुपारी २:१०

दुपारचे पेशंट संपले, जेवण झालं, आता लिहितो. मी दंतवैद्य, २२ वर्षं प्रॅक्टिस.

आधी ही 'चांदी' म्हणजे काय ते. वजनाने जवळपास निम्मा पारा आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं यांची पूड. एकत्र घोटली की लोण्यासारखी होते, खड्ड्यात दाबून भरायची, काही मिनिटांत आवळते आणि दिवसभरात दगड होते. ठेचाभाऊंचा खल आणि पिळायचं कापड दोन्ही गेले. नंतर बंद कॅप्सूल आल्या, मशीन ती हलवून देतं, पाऱ्याला हात लागत नाही.

आवळल्यावर पारा त्या धातूंशी बांधला जातो. चावताना, दात खाताना अगदी थोडी वाफ सुटते, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये सांगितलं की गरोदर बायका, सहा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले यांना शक्यतो नवीन भरू नका. आणि त्याच सूचनेत हेही सांगितलं की चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग काढू नका. का? कारण खरी वाफ सुटते ती ड्रिलने काढताना. शिवाय काढताना थोडा चांगला दातही जातो. दर वेळी खड्डा मोठा होतो, दात लहान होतो. इनॅमल परत येत नाही.

@शुद्धसात्त्विक, युरोपातल्या बंदीमागे तुमच्या तोंडापेक्षा नदीतल्या माशाचा विचार जास्त आहे. जपानमधलं मिनामाता, कारखान्याचा पारा समुद्रात, मासे खाऊन माणसं लुळी झाली, १९५६ मध्ये तो रोग उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात जाणारा पारा थांबवायचा, हा त्यातला एक भाग. मीही आठेक वर्षांत नवीन चांदी भरलेली नाही. नवीन भरणं थांबवणं वेगळं आणि भरलेलं उकरणं वेगळं. गंडूष खुशाल धरा, नुकसान नाही. फक्त त्याने दाढेतला पारा बाहेर येत नाही आणि खड्डाही बुजत नाही.

@कैरीपन्हं ताई, काळा रंग हे बदलायचं कारण नाही. अमाल्गम गंजतं, आजूबाजूचा दात काळपट करतं. गंमत अशी की तो गंजच हळूहळू कडेची फट बुजवतो, म्हणून ही भरणी इतकी टिकते. मी बदलतो ती केव्हा? कड तुटली असेल आणि टोकदार हत्यार तिथे अडकत असेल, एक्स-रेमध्ये खाली किंवा शेजारी नवीन कीड दिसत असेल, किंवा दाढेला चीर गेली असेल तर. टीव्हीवर सगळंच भयंकर दिसतं. एक्स-रे काढला का?

कैरीपन्हं | मंगळवार, दुपारी ३:०२

@दाढवाला_सोलापूर नाही हो, एक्स-रे काढलाच नाही. नुसता टीव्ही. आता मी सावध झाले.

खवट_काका | मंगळवार, दुपारी ४:१८

का काढतील? एक्स-रेत काही नाही निघालं तर साडेसात हजार बुडाले ना. नवीन क्लिनिक, एसी, खुर्चीचा हप्ता, कॉफी मशीन, सगळं तुमच्या दाढेतूनच निघणार. आमच्या वेळी डॉक्टर म्हणायचे, "दुखतंय का? नाही ना? घरी जा."

दाढवाला_सोलापूर | मंगळवार, दुपारी ४:४०

काका, "दुखत नाही तर घरी जा" यानेच माझी निम्मी आरसीटी चालते :) कीड इनॅमलमध्ये असते तोवर दुखतच नाही. दुखायला लागतं तेव्हा ती नसेजवळ पोचलेली असते. ढोबळ हिशेब सांगतो. गार-गोड लागलं आणि लगेच थांबलं, तर बहुतेक वेळा भरून भागतं. कळ मिनिटभर रेंगाळली, गरम सहन होईना, काही न खाताही रात्री ठणका लागला, तर भरून उपयोग नाही. @दातखिळी यांचं तेच झालं असावं. फिलिंगचा दोष असेल किंवा खड्डा मुळातच खोल असेल, दात न बघता कसं सांगू.

आजोळ | मंगळवार, सायंकाळी ६:३०

कीड म्हटलं की माझी आजी. भोर तालुक्यातलं आजोळ. दाढ दुखली की आजी भुईरिंगणीच्या वाळलेल्या पिवळ्या फळांच्या बिया काढायची. चुलीतला निखारा खापरावर, त्यावर तुपात घोळलेल्या बिया, वर नरसाळं, आणि त्याच्या तोंडाला आपलं तोंड. धूर दाढेत घ्यायचा, लाळ खालच्या पाण्याच्या परातीत गळू द्यायची. मग आजी परातीत बोट दाखवायची, "ह्ये बघ किडं पडलं." आणि खरंच पांढरे बारीक वळवळ्यासारखे काहीतरी तरंगत असायचे! मी सातवीपर्यंत शपथेवर सांगायचे की दाढेत अळ्या असतात. धुराने थोडा वेळ बरंही वाटायचं. नंतर ती दाढ काढावीच लागली ते सोडा.

टवाळ_पोरगा | मंगळवार, सायंकाळी ६:३६

वरची दाढ काढली की डोळा जातो, हे पण आजीनेच सांगितलं का?

आजोळ | मंगळवार, सायंकाळी ६:४१

हो! आणि त्या भीतीने मामाने कुजलेली दाढ पंधरा वर्षं सांभाळली. डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा म्हणाला, बघा, नुसती किडली तरी एवढं झालं.

दाढवाला_सोलापूर | मंगळवार, रात्री ९:०५

@आजोळ, परातीतले 'किडे' म्हणजे बहुतेक बियांच्या आतले कोंब. बी तापून फुटली की पांढरा वाकडा कोंब बाहेर पडतो, पाण्यात तो अळीसारखाच दिसतो. युरोपात हाच खेळ खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा, तिथल्या वैद्यांनी तो शेकडो वर्षांपूर्वी उघडा पाडला. दाताला अळी लागते ही समजूत तर बाबिलोनच्या मातीच्या विटांवरही लिहिलेली आहे, तेव्हा आजी एकटी नव्हती. खरी कीड म्हणजे जंतू. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल करतात, आम्ल दातातलं खनिज ओढून घेतं. दिवसातून आठ वेळा साखरेचा चहा घोट घोट पिणाऱ्याला एकदाच बसून चार जिलब्या खाणाऱ्यापेक्षा जास्त धोका. जिलबी खा असं म्हणत नाहीये.

टवाळ_पोरगा | मंगळवार, रात्री ९:०७

म्हणालात. स्क्रीनशॉट काढला.

मनीमाऊची_आई | मंगळवार, रात्री १०:२०

धाग्याचं थोडं अपहरण करते, माफ करा. लेक सात वर्षांची. सगळ्यात मागची खालची दाढ किडली आहे. घरचे म्हणतात दुधाची आहे, पडेलच, पैसे कशाला घालवायचे.

दाढवाला_सोलापूर | मंगळवार, रात्री १०:३२

मनीमाऊची आई, उद्याच दाखवा! सात वर्षांच्या मुलाची सगळ्यात मागची दाढ बहुतेक वेळा दुधाची नसतेच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्याआधी तिथे काही पडलेलं नसतं, म्हणून आईबापांना कळतच नाही. ही दाढ आयुष्यभर पुरवायची आहे.

आणि दुधाची असली तरी भरायची. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. मुलांना मी बऱ्याचदा काच-सिमेंट म्हणजे जीआयसी भरतो. १९७०च्या आसपास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेलं. थोडी ओल चालते, दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं. चावण्याच्या जागी लवकर झिजतं, हा त्याचा दुर्गुण.

भूल दिली तर एक लक्षात ठेवा. बधिर झालेला ओठ मुलं मजेत चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून टोमॅटो. दोन-तीन तास नजर ठेवा.

मनीमाऊची_आई | मंगळवार, रात्री १०:४०

बापरे. आत्ताच टॉर्च लावून मोजलं. खरंच तिथे आधी काही पडल्याचं आठवत नाही. धन्यवाद डॉक्टर, उद्या शाळा बुडवते.

लेस्टरकर | बुधवार, पहाटे २:४५

इथे इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दरपत्रकात फिलिंग 'बँड २' मध्ये बसतं. ७५ पौंडांच्या आसपास, मग त्या एका ट्रीटमेंटमध्ये एक दात भरा की चार. ऐकायला स्वस्त. पण नवीन पेशंट घेणारा एनएचएस डेंटिस्ट सापडला तर मला कळवा, मी पेढे वाटीन. म्हणून आम्ही दिवाळीला पुण्यात आलो की आधी दात, मग नातेवाईक. आईचा प्रश्न ठरलेला: "मला भेटायला आलास की दाढेला?"

एक शंका. माझ्याही दोन चांदीच्या आहेत. चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून चावला गेला की वीज गेल्यासारखं होतं. हे फक्त मलाच होतं का?

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, सकाळी ७:०५

मला पण! मस्तकापर्यंत जाते झिणझिणी.

दाढवाला_सोलापूर | बुधवार, दुपारी १:५५

वीजच असते ती. कागद अॅल्युमिनियमचा, दाढेत दुसरा धातू, मधे खारट लाळ. शाळेत शिकलेला विद्युत घट. काही बिघडत नाही, कागद काढून चॉकलेट खा.

खवट_काका | बुधवार, दुपारी ३:१५

डॉक्टर, पांढऱ्याची एवढी टिमकी वाजवतात तर ते चांदीइतकं टिकतं का? आमच्या हिचं दोन वर्षांत पडलं.

दाढवाला_सोलापूर | बुधवार, रात्री ९:२०

प्रश्न रास्त आहे. मोठ्या खड्ड्यात, मागच्या दाढेत, साधारणपणे चांदी जास्त टिकते. पांढरं, म्हणजे काँपोझिट, हे काचेच्या बारीक पुडीचं आणि राळेचं मिश्रण. चांदी खड्ड्यात अडकून बसते, त्यासाठी तळाशी रुंद असा खड्डा कोरावा लागायचा, चांगला दात जायचा. काँपोझिट चिकटतं, त्यामुळे कीड असेल तेवढंच कोरायचं. हा मोठा फायदा.

पण चिकटवणं नाजूक काम. निळं आम्लाचं जेल पंधरा सेकंद, धुवायचं, बाँडचा थर, निळा लाईट, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला लाईट. यात लाळेचा एक थेंब शिरला की चिकटणं गेलं. दाताभोवती रबराचा पडदा लावतात तो त्यासाठीच. शिवाय कडक होताना ते किंचित आक्रसतं, घाईत एकदम भरलं तर कडेला फट. चांदीला एवढे लाड लागत नव्हते. दहा मिनिटांत पांढरं भरून देणारा असेल तर काका, तुमचा संशय योग्य आहे.

रिकामटेकडी | बुधवार, रात्री १०:०२

मुंबईकरांसाठी माहिती: नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. विद्यार्थी करतात, वेळ भरपूर जातो, पण दर पायरीला मॅडम येऊन बघतात. माझ्या दाढेत मॅडमनी हत्यार फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे अजून मऊ आहे, परत काढ." बिचाऱ्या पोराचा चेहरा पडला, माझा खर्च मात्र दोनशेच्या आत. रबराचा पडदा पण लावला होता. तो लावल्यावर बोलता येत नाही, नवऱ्याने फोटो काढून ठेवला आहे.

कैरीपन्हं | शनिवार, रात्री ८:१५

आले परत! अहवाल देते.

दादरला एका जुन्या डॉक्टरांकडे गेले. सत्तरीच्या बाई, दवाखान्यात टीव्ही नाही, मोगऱ्याची कुंडी आहे. दोन छोटे एक्स-रे काढले, दातांत पुठ्ठ्याचा पंख चावून धरायचा तसले. मग हत्यार घेऊन कड न् कड चाचपली. वरची दाढ आणि खालची उजवी, "छान आहेत, हात लावायचा नाही." खालच्या डावीकडे मात्र हत्यार अडकलं. मला स्वतःलाच 'टक्' जाणवलं. एक्स-रेत शेजारच्या दाताच्या बाजूला सावली. त्या म्हणाल्या, दुखत नसली तरी ही बदलायची, अजून नस दूर आहे.

म्हणजे नवराही बरोबर आणि सासूबाईही एक तृतीयांश बरोबर. घरात हे जाहीर करताना मजा आली.

काल काम झालं. खूप पाणी, मोठा सक्शन पाइप, चांदी मोठ्या तुकड्यांत काढली. खाली काळी मऊ कीड निघाली, बाईंनी आरशात दाखवली. पाऊण तास लागला. बाराशे रुपये. तिसऱ्या दाढेचं "जास्त निघालं" नाही!

फक्त आज जेवताना ती दाढ आधी टेकते, मग बाकीचे दात. पोळी चावताना खट्ट होतं. सवय होईल का?

दाढवाला_सोलापूर | शनिवार, रात्री ८:३८

सवय करून घेऊ नका. भूल असताना चावा नीट कळत नाही, म्हणून थोडं उंच राहतं. निळा कागद चावायला देतील, डाग पडेल तिथे जरासं घासतील, पाच मिनिटांचं काम. तसंच ठेवलं तर दाढ मुळाशी दुखायला लागते आणि दोष फिलिंगवर येतो. सोमवारी सकाळीच जा.

दातखिळी | शनिवार, रात्री ८:५०

हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. माझीही पहिले आठ दिवस उंचच लागत होती.

टवाळ_पोरगा | शनिवार, रात्री ९:११

मुद्द्याचं राहिलंच. चांदी परत मागितलीस का?

कैरीपन्हं | शनिवार, रात्री ९:२६

तुझी आठवण काढून खरंच विचारलं! बाई हसल्या आणि कपाटातून घट्ट झाकणाची बरणी दाखवली. आत पाण्याखाली राखाडी तुकडे, कित्येकांच्या दाढांचे. म्हणाल्या, कचऱ्यात टाकत नाही, पारा गोळा करणाऱ्याला देते.

दाढवाला_सोलापूर | शनिवार, रात्री ९:४०

असंच करायला हवं. आणि टवाळा, एका दाढेत फार तर पाव ग्रॅमच्या आसपास चांदी निघेल. चहा आणि क्रीमरोल.

टवाळ_पोरगा | शनिवार, रात्री ९:४१

क्रीमरोल खाऊन परत तुमच्याकडेच येतो.